बाकाचा डावा हात

सेटवर तिला तोंडावर सगळे 'ताई' म्हणत आणि पाठीमागे 'अजूनएक'. शॉट कितीही झकास झाला तरी ती समोरच्या पडद्यावरची नजर न हलवता म्हणायची, "छान. अजून एक." एकदा गादीच्या जाहिरातीसाठी तिनं एका नटाला एकोणतीस वेळा झोपायला लावलं. तिसाव्या वेळी तो बिचारा खरोखरच झोपला. तिनं नेमका तोच शॉट ठेवला, आणि गादीवाले खूश झाले.

तिचं हे पाठीमागचं नाव तिला ठाऊक होतं, आणि त्याचा तिला रागही नव्हता. पन्नाशी उलटलेल्या बाईला कोणी ना कोणी काहीतरी म्हणणारच.

बाविसाव्या वर्षी ती या धंद्यात आली, ती वही घेऊन. शूटिंगमध्ये एकच प्रसंग तुकड्या-तुकड्यांनी टिपतात. आधीच्या तुकड्यात नटाच्या उजव्या हातात कप असेल तर पुढच्या तुकड्यात तो डाव्या हातात जाऊन चालत नाही. हे सगळं लिहून ठेवणारा एक माणूस लागतो, त्या कामाला कंटिन्युइटी म्हणतात. सहा वर्षं तिनं तेच केलं. कोणाचं वरचं बटण उघडं होतं, पेल्यात पाणी किती होतं, दार किती किलकिलं होतं, हे बघता बघता तिच्या डोळ्यांना अशी खोडच लागली, की लग्नाच्या बोहल्यावरही तिनं नवऱ्याला हळूच सांगितलं, "तुमच्या शर्टाची कॉलर मघाशी आत होती."

पुढे ती दिग्दर्शक झाली. एक सिनेमा केला. तो आठ दिवस चालला आणि नवव्या दिवशी उतरला. मग पोटापाण्यासाठी जाहिराती घेतल्या, आणि पोट भरता भरता चोवीस वर्षं निघून गेली. पंखे, रंग, गाद्या, सांधेदुखीचं मलम. नवरा कवळ्या बनवायचा. घराच्या मागच्या खोलीत त्याची भट्टी होती, आणि त्याच्या बोटांना कायम पांढरं प्लॅस्टर लागलेलं असायचं. जेवताना दोघं आपापल्या कामातलं बोलत. ती एखाद्या हट्टी गिऱ्हाइकाची गोष्ट सांगायची, तो एखाद्या हट्टी जबड्याची.

परीक्षक म्हणून या, असं बोलावणं आलं, तेव्हा तिला ती फसवाफसवी वाटली आणि तिनं ती मेल पुसून टाकली. दुसरी आली तीही पुसली. तिसऱ्यांदा फोनच आला. जगभरातल्या जाहिरातींची मोठी स्पर्धा, परक्या देशात चार दिवस, चित्रफितींच्या विभागाला नऊ परीक्षक. आठजण जाहिरात एजन्सीतले, म्हणजे कल्पना सुचवणारे. नववा माणूस त्यांना फिल्म प्रत्यक्ष बनवणारा हवा होता. तिनं विचारलं, "मीच का?" पलीकडच्या बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, की आधीच्या दोघांना वेळ नव्हता. या प्रामाणिकपणावरच ती हो म्हणाली.

तिथे एका थंडगार अंधाऱ्या सभागृहात त्यांना बसवलं. प्रत्येकापुढे दहा बटणांचं एक यंत्र. फोन दाराशी टोपलीत काढून घेतलेले. चार दिवसांत दोनशे चाळीस फिल्म बघायच्या, आधी नापास काढायच्या, मग उरलेल्या पुन्हा पुन्हा बघून भांडायचं. अध्यक्षबाई पांढऱ्या आखूड केसांच्या, कमी बोलणाऱ्या. तिच्या शेजारी एक गोल चष्म्याचा एजन्सीवाला बसायचा. तो प्रत्येक फिल्मनंतर विचारायचा, "कल्पना काय आहे? एका ओळीत सांगा."

पहिल्या दिवशी ती गप्पच राहिली. पन्नासेक फिल्म पाहिल्यावर तिचं डोकं फोडणी करपल्यासारखं झालं. सगळ्याच हुशार होत्या, सगळ्याच शेवटच्या पाच सेकंदांत काहीतरी गुपित उघड करत होत्या. त्यात कुठली मोठी, कुठली छोटी, हे ठरवायचं कसं? शेवटी तिनं आपली एक युक्ती काढली. सकाळी उठल्या उठल्या, यादी न बघता, कालच्या कोणत्या फिल्म आठवतात ते वहीत लिहायचं. एका ओळीत सांगता येणारी कल्पना बहुतेकदा सकाळपर्यंत टिकायची नाही. उरायचं ते काहीतरी वेगळंच. कोणाचा तरी हात, एखादं थांबणं. शिडी बनवणाऱ्या कुठल्याशा लहानशा कंपनीची बावीस सेकंदांची फिल्म तिला आठवली. तिच्यात एक माणूस शिडीवर चढायच्या आधी ती नुसती दोनदा हलवून बघतो, बस्स. गोल चष्म्याला ती आठवतसुद्धा नव्हती. तिनं त्याला सांगितलं, "त्या माणसाच्या हाताला भीती माहीत आहे. हे सांगून करून घेता येत नाही, मी चोवीस वर्षं प्रयत्न करतेय." त्यानं चष्मा पुसला आणि फिल्म पुन्हा लावायला सांगितली. तेव्हापासून त्या दोघांचं बरं जमलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाकांची फिल्म लागली.

ती तिच्याच देशातली होती. नियम असा, की आपल्या देशाच्या फिल्मला मत द्यायचं नाही. म्हणून तिनं यंत्र बाजूला सारलं आणि निवांत बघत बसली. एक म्हातारा आपल्या मित्राला भेटायला निघतो. पूर्वी मित्राचं घर दहा मिनिटांवर होतं. आता गुडघे थकलेत, घर तिथेच आहे पण पोचता येत नाही. मग त्याच्या गल्लीत एक पिवळं बाक येतं. तो तिथवर जातो, बसतो, परततो. पुढच्या गल्लीत एक निळं बाक येतं, तो तिथवर जातो. असं करत करत, रंगीत बाकांवर टेकत टेकत तो अकराव्या बाकाशी पोचतो, आणि तिथे त्याचा मित्र उभा असतो. शेवटी रंग बनवणाऱ्या कंपनीचं नाव, आणि खाली अक्षरं: चाळीस गल्ल्या, चाळीस बाकं.

ती रडली. नऊपैकी सहाजण रडले. अध्यक्षबाईंनी दिवे लावायला जरा उशीरच केला.

ही फिल्म कोणाची, हे तिला विचारावं लागलं नाही. घाईराव. तिच्याकडे आठ वर्षं सहायक होता, तिचं 'अजून एक' ऐकलं की घड्याळ बघायचा, म्हणून तिनंच ठेवलेलं नाव. आता त्याची स्वतःची मोठी कंपनी होती. वर्षापूर्वी त्यानं फोनवर सांगितलं होतं, "ताई, बाकांची एक फिल्म केली, आजवरचं सगळ्यात चांगलं काम केलंय." खरंच केलं होतं. आपण घडवलेला माणूस आपल्या पुढे गेला, याचा आनंद तिला इतका झाला, की त्या दिवशी उरलेल्या फिल्म तिला फिक्याच वाटल्या.

तिसऱ्या दिवशी अंतिम फेरीसाठी बाकांची फिल्म पुन्हा लागली. आता गोष्ट माहीत होती, डोळे मोकळे होते. आणि मोकळ्या डोळ्यांची जुनी खोड जागी झाली.

पिवळ्या बाकाच्या डाव्या हाताच्या टोकाला टवका उडालेला होता. लहानसाच, कुणीतरी चावा घेतल्यासारखा. निळ्या बाकालाही तिथेच होता. हिरव्याला होता. नारिंगीवर रंगाचे थर बसून त्याच्या कडा जरा बोथट झाल्या होत्या, पण टवका तोच. रंग अकरा होते, बाक एक होतं. तेच बाक रंगवून रंगवून गल्लोगल्ली फिरवलं होतं. मग चाळीस गल्ल्यांचं काय?

घाईराववर रागावण्याच्या आधी तिला स्वतःचीच आठवण झाली.

तिच्या घरी फळीवर एक बक्षीस होतं. काचेचा जाडजूड गोळा, तिला मिळालेलं एकुलतं एक. एकवीस वर्षांपूर्वी एका एजन्सीच्या हौशी मंडळींबरोबर तिनं किल्ल्या बनवणाऱ्या एका दुकानदाराची जाहिरात केली होती. त्या दुकानदाराला जाहिरात नकोच होती. यांनीच जाऊन त्याची सही घेतली. फिल्म बघून त्यानं एवढंच विचारलं, "पण यात माझं दुकान कुठे दिसतंय?" दिसत नव्हतं. ती दुकानासाठी नव्हतीच, ती स्पर्धेसाठी होती. नियमापुरती एका थिएटरात सकाळच्या खेळाला एकदा दाखवली. प्रेक्षक सातजण, त्यांतले तिघं एजन्सीचे. आणि बक्षीस मिळालं. आपला सहायक हे सगळं कोणाकडून शिकला, हे तिला शोधायला लागणार नव्हतं. बाजारात तेव्हापासून अशा कितीतरी फिल्म निघत होत्या, सगळ्यांना माहीत होतं, कोणी बोलत नव्हतं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तिला मत नाही, म्हणजे गप्प बसायला नियमाचाच आधार आहे. बोलली तर लोक म्हणणार, चेला पुढे गेला ते बघवलं नाही. शिवाय फिल्म खरंच सुंदर आहे. नवऱ्यानं बराच वेळ ऐकून घेतलं.

"कवळी दिसायला कितीही सुबक असो," तो म्हणाला, "माणसाला तिनं चावता आलं पाहिजे. पण हे तुला माहीत आहे. तुझं अडतंय ते फळीवरच्या गोळ्यापाशी."

"हो."

"मग त्याचं आधी सांग. त्या मुलाचं नंतर."

चौथ्या दिवशी सकाळी, मतदानाआधी, तिनं अध्यक्षबाईंकडे बोलायची परवानगी मागितली. आणि खरोखरच आधी किल्लीवाल्याची गोष्ट सांगितली, सात प्रेक्षकांसकट. काहीजण हसले. मग ती म्हणाली, की बाकांची फिल्म पुन्हा लावा, आणि म्हाताऱ्याकडे न बघता बाकाच्या डाव्या हाताकडे बघा. या वेळी कोणी रडलं नाही.

गोल चष्मा मात्र अस्वस्थ झाला. त्याचं म्हणणं, सिनेमात सगळंच खोटं असतं, भिंतीसुद्धा पुठ्ठ्याच्या असतात. "पण कल्पना तर सुंदर आहे ना?"

"सुंदर आहे, म्हणूनच त्रास होतोय," ती म्हणाली. "नट खोटा असू दे, म्हातारा खोटा असू दे. पण ही गोष्ट रचलीये असं त्यांनी म्हटलेलं नाही. चाळीस बाकं ठेवली, असं म्हटलंय. कल्पना चाळीस बाकांची आहे आणि बाक एकच आहे. एकोणचाळीस ठिकाणी कोणीतरी म्हातारं माणूस अजून उभंच आहे."

अध्यक्षबाईंनी आयोजकांमार्फत गल्ल्यांची यादी, परवानग्या आणि फोटो मागवले. दुपारपर्यंत उत्तर आलं, की तांत्रिक कारणामुळे फिल्म स्पर्धेतून मागे घेत आहोत. पहिलं बक्षीस दुसऱ्याच कुणाला गेलं. शिडीला तिसरं मिळालं, तेही तिनं आणि गोल चष्म्यानं दोन तास घसा कोरडा केल्यावर.

निकाल लागताच तिनं टोपलीतून फोन घेतला आणि घाईरावला स्वतःच लावला. दुसऱ्या कोणाकडून त्याला कळायला नको होतं.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "डाव्या हाताला टवका आहे."

तो म्हणाला, "तुम्हाला मत नव्हतं, ताई. गप्प बसता आलं असतं."

"आलं असतं."

"रंगाऱ्याला सांगून टवक्यात पुट्टी भरून घ्यायला हवी होती मी."

"भरली असतीस तर पहिलं बक्षीस तुझं होतं. मीच उभी राहून टाळ्या वाजवल्या असत्या. माझी शिकवणच होती तशी."

त्यानं फोन ठेवला.

परतल्यावर व्हायचं ते झालं. धंद्यात बातमी पसरायला वेळ लागत नाही. कोणी म्हणालं, चेल्याच्या पुढचं ताट ओढलं. एका एजन्सीनं ठरलेली दोन कामं गोड बोलून काढून घेतली. तिनं मात्र जुन्या स्पर्धेच्या संस्थेला पत्र लिहिलं, की बक्षीस परत घ्या, ते माझं नाही. महिन्यानं पत्र जसंच्या तसं परत आलं. संस्था बारा वर्षांपूर्वीच बंद पडली होती. घेणारंच कोणी नाही म्हटल्यावर परत तरी कुणाला करणार? नवरा म्हणाला, जड आहे, साचा दाबायला बरं पडेल, आणि तो गोळा मागच्या खोलीत घेऊन गेला. कंपन्या थोड्या कमी झाल्या, पण मलमवाले राहिले. म्हणाले, आमच्या मलमानं खरंच उतार पडतो, आम्हाला काय भीती.

घाईराव सात महिने बोलला नाही. मग एका सकाळी दारात उभा. नवऱ्याचे हात प्लॅस्टरनं भरलेले, म्हणून त्यानं कोपरानंच कडी काढली आणि काही न विचारता त्याला आत घेतलं.

घाईराव बसला, उठला, पुन्हा बसला. त्यानं खिशातून एक कागद काढला. फिल्म मागे घेतली तरी वर्तमानपत्रात आधीच तिच्याबद्दल चार ओळी छापून गेल्या होत्या. ते वाचून एका आजींनी रंगाच्या कंपनीला पत्र लिहिलं होतं: आमच्या भागातलं बाक नेमकं कुठे ठेवलंय ते कळवावं, मी दोनदा शोधून आले, दुसऱ्या वेळी परतताना फार हाल झाले. कंपनीनं ते पत्र त्याच्याकडे सरकवलं होतं.

"मी गेलो त्यांच्याकडे," तो म्हणाला. "म्हटलं, खरं सांगून टाकावं. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः उभ्या राहिल्या. मला सांगताच आलं नाही. म्हटलं, यायचंय अजून, उशीर झालाय."

"मग आता आणायला हवं," ती म्हणाली.

"त्याचसाठी आलोय. कंपनी बारा द्यायला तयार झाली आहे. पण बाकं किती अंतरावर ठेवायची तेच मला माहीत नाही, ताई. फिल्ममध्ये मी लेन्समधून बघून ठरवलं होतं."

तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. तिनं वही काढली. त्या दिवशी पहिल्यांदा घाईरावनं घड्याळ बघितलं नाही.

परवानग्यांना पाच महिने लागले. या खिडकीतून त्या खिडकीत, कोणी म्हणे रस्ता आमचा पण पदपथ त्यांचा. बारांपैकी नऊ बाकं बसली. दोन एका दुकानदारानं अडवली, कारण लोक बसतात आणि काही घेत नाहीत. एक कुठे गेलं ते कुणालाच कळलं नाही. आजींच्या गल्लीत मात्र पहिलंच बाक गेलं. आजींनी त्यावर बसून बघितलं आणि म्हणाल्या, जरा बुटकं आहे, उठताना त्रास होतो. पुढची सगळी बाकं चार बोटं उंच झाली.

मग घाईरावनं पुन्हा फिल्म केली. खरी बाकं, खरी माणसं. आणि खरं सांगायचं तर ती पहिलीइतकी चांगली झाली नाही. म्हातारे सरळ कॅमेऱ्याकडे बघत होते. उजेड सपाट होता. एक आजोबा मित्राच्या घरी पोचले तर मित्र डॉक्टरकडे गेलेला. अजूनएकनं ती बघितली, तोंडात आलेले दोन शब्द गिळले आणि म्हणाली, "छान." घाईरावनं ती पुढच्या वर्षी स्पर्धेला पाठवली. पहिल्याच फेरीत ती बाद झाली. ते कळल्यावर त्यानं तिला फोन केला आणि दोघं इतकी हसली, की मागच्या खोलीतून नवरा विचारायला आला.

पण टीव्हीवर ती लागत राहिली, आणि कंपनीकडे पत्रं येत राहिली: आमच्या गल्लीत ठेवा, आमच्या दवाखान्यासमोर ठेवा. रंगवाल्यांनी आणखी तीस बाकं मंजूर केली. त्याच सुमारास तिला पुन्हा परीक्षक म्हणून बोलावणं आलं. या वेळी आधी तिलाच विचारलं होतं, दुसऱ्या कुणाला नाही. ती मेल तिनं पुसली नाही.

जायच्या आदल्या आठवड्यात ती आणि घाईराव दुसऱ्या खेपेच्या गल्ल्या बघत फिरत होते. त्यांची रीत आता ठरून गेली होती. लेन्स नाही, फूटपट्टी नाही. एखादं म्हातारं माणूस दिसलं की त्याच्या मागून हळूहळू चालायचं, ते जिथे भिंतीला हात लावेल तिथे खडूनं खूण करायची. त्या सकाळी काठी घेतलेले एक आजोबा एका हिरव्या फाटकाशी थांबले. घाईराव लगेच वाकला आणि त्यानं जमिनीवर फुली मारली.

आजोबांनी वळून विचारलं, हे काय चाललंय. तिनं समजावून सांगितलं. आजोबांनी फुलीकडे बघितलं, फाटकाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"इथे नको, बाई. हे माझ्या व्याह्यांचं घर आहे. इथे बसलो की आत बोलावतात, आणि मग दुपार जाते."

"मग कुठे ठेवू?"

आजोबांनी काठीनं पुढे दाखवलं. तिनं पावलं मोजली, एकवीस झाली. घाईरावनं चपलेनं पहिली फुली पुसली आणि दुसरी मारली. आजोबा त्या फुलीपर्यंत चालत गेले, जणू बाक आलंच आहे असे तिथे थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "चालेल. पण हात दोन्हीकडे ठेवा. मी डावखुरा आहे."